लग्न कधी, मूल कधी: समाजागणिक फरकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आमच्यात मुलींची लग्नं लवकर होतात’, ‘त्यांच्यात तिशी उलटली तरी कुणी विचारत नाही’. मुंबईत हा विषय निघाला की वाक्य ‘आमच्यात’ किंवा ‘त्यांच्यात’नेच सुरू होतं. वधू-वर सूचक मंडळं, समाजकार्याचे विद्यार्थी, आरोग्यसेविका, बातमीदार आणि लग्न ठरलेली जोडपी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तराचा एखादा भाग दुसरीकडे आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. समाजागणिक लग्नाचं वय खरंच वेगळं असतं, की आपल्याला उगाच तसं वाटतं?

खरंच वेगळं असतं. मात्र लोक जिथे फरक सांगतात तिथे तो बहुधा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९–२१ मध्ये झाली. त्यातल्या २५ ते ४९ वयाच्या स्त्रिया घेतल्या, तर देशभरात हिंदू आणि मुस्लिम स्त्रियांचं पहिल्या लग्नाचं मध्यगा वय (ज्या वयापर्यंत निम्म्या जणींची लग्नं झालेली असतात; प्रश्न ३) जवळपास एकच येतं, अठरा-एकोणीस. शीख आणि ख्रिस्ती स्त्रियांचं एकवीस-बावीस, जैनांचं त्याहून थोडं पुढे. म्हणजे ज्या दोन समाजांबद्दल सर्वांत जास्त बोललं जातं, त्यांच्यात लग्नाच्या वयाचा फरक नाहीच म्हणा. मुलांच्या संख्येत आहे; तो का, ते प्रश्न ४ मध्ये.

हे आकडे आजच्या नवऱ्यामुलींचे नाहीत. २०२० मध्ये ४९ वर्षांची असलेली बाई एकोणिसाव्या वर्षी बोहल्यावर चढली असेल, तर ते साल १९९० होतं. पिढीगणिक बदल पाहायचा तर २० ते २४ वयाच्या मुली पाहाव्यात. त्यांच्यापैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं देशातलं प्रमाण २००५–०६ मध्ये ४७ टक्के होतं, २०१९–२१ मध्ये २३ टक्के. महाराष्ट्रात ते २२ टक्क्यांच्या आसपास आहे. पंधरा वर्षांत निम्म्यावर आलेलं हे प्रमाण सगळ्याच समाजांत उतरलं आहे.

२. ‘समाज’ म्हणजे नेमकं काय मोजतात? धर्म, जात की भाषा?

सर्वेक्षणात धर्म विचारतात, आणि जातीचा प्रवर्ग: अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि बाकीचे. पोटजातीनुसार तक्ते निघत नाहीत. जनगणनेत सगळ्या जातींची मोजणी शेवटची १९३१ मध्ये झाली आणि पुढची २०२७ च्या जनगणनेत ठरली आहे. मधल्या काळात जनगणनेनं फक्त अनुसूचित जाती-जमाती वेगळ्या मोजल्या.

मुंबईत हे खाने फारच ढोबळ पडतात. ‘मुस्लिम’ या एका रकान्यात रत्नागिरीचे कोकणी मुसलमान, बोहरा, खोजा, मेमन आणि उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी असे सगळे बसतात. ‘ख्रिस्ती’मध्ये वांद्रे-गोराईचे ईस्ट इंडियन, गोवेकर, मंगळुरी आणि मल्याळी. यांच्या लग्नाच्या रीती आणि शिक्षणाचा इतिहास वेगळा, काहींची तर भाषाही वेगळी. तेव्हा ‘मुंबईतल्या ख्रिश्चनांचं सरासरी वय अमुक’ असं कुणी छातीठोक सांगितलं, तर आधी विचारा: कुठल्या?

३. मध्यगा वय, सरासरी वय, सिंग्युलेट वय... कोणता आकडा धरायचा?

मध्यगा म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्या स्त्रियांची लग्नं झालेली असतात ते वय. तो २० ते २४ च्या गटासाठी अनेकदा काढताच येत नाही, कारण विशी गाठेपर्यंत निम्म्या जणींचं लग्नच झालेलं नसतं. म्हणून तक्त्यात पंचविशीपासून पुढच्या स्त्रिया दिसतात. नुसती सरासरी त्याहून फसवी: ज्यांची लग्नं झाली त्यांचीच ती असते, न झालेल्या मोजणीतून गळतात. तरुण गटाची अशी सरासरी काढली की वय हमखास कमी येतं.

हाताशी फक्त वयोगट आणि वैवाहिक स्थिती असेल (मंडळाची किंवा सोसायटीची खानेसुमारी साधारण अशीच असते), तर लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन हायनल यांनी १९५३ मध्ये मांडलेली सिंग्युलेट पद्धत, म्हणजे अविवाहितांच्या प्रमाणावरून लग्नाचं सरासरी वय काढायची रीत, वापरावी. उदाहरणासाठी कल्पित आकडे घेऊ. अविवाहित स्त्रियांचं शेकडा प्रमाण असं समजा: १५–१९ मध्ये ९०, २०–२४ मध्ये ४५, २५–२९ मध्ये १५, ३०–३४ मध्ये ६, ३५–३९ मध्ये ४, ४०–४४ मध्ये ३, ४५–४९ मध्ये २ आणि ५०–५४ मध्येही २.

पहिल्या सात गटांची बेरीज १६५. प्रत्येक गट पाच वर्षांचा, म्हणून पाचानं गुणा: ८२५. पंधरापर्यंत सगळ्याच अविवाहित, म्हणून त्यात १५०० मिळवा: २३२५. आता शेवटच्या दोन गटांची सरासरी, म्हणजे २, ही कायम अविवाहित राहणाऱ्यांची; त्यांची पन्नास वर्षं वजा करायची: २ गुणिले ५० म्हणजे १००, उरले २२२५. त्याला १०० वजा २, म्हणजे ९८ नं भागा. उत्तर २२.७ वर्षं.

यात चुका ठरावीक ठिकाणी होतात. विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना ‘अविवाहित’मध्ये टाकलं की वय वाढतं. वस्तीत मुलींचं वसतिगृह असेल तर बाहेरून आलेल्या अविवाहित मुलींमुळे आकडा फुगतो. आणि एखाद्या वयोगटात वीस-पंचवीसच जणी असतील तर दोन लग्नांनी निकाल फिरतो. अशा वेळी दशांश चिन्हापुढचे आकडे छापूच नयेत.

आणखी एक. ‘लग्नाच्या वेळी वय किती होतं?’ या प्रश्नाला ‘अठरा’ हे उत्तर प्रमाणाबाहेर येतं. कायदा सगळ्यांना ठाऊक असतो. साल विचारा, मग पहिलं मूल कधी झालं ते विचारा आणि ताळा घाला.

४. लग्नाचं वय सारखंच, मग हिंदू-मुस्लिम कुटुंबांत मुलांची संख्या वेगळी का?

कारण फरक सुरुवातीचा नाही, थांबण्याचा आहे. एकूण प्रजनन दर, म्हणजे सध्याच्या वेगानं एका स्त्रीला आयुष्यात होऊ शकणारी सरासरी मुलं, २०१९–२१ मध्ये देशात हिंदूंचा १.९४, मुस्लिमांचा २.३६, ख्रिस्ती समाजाचा १.८८, शिखांचा १.६१, जैनांचा १.६ आणि बौद्धांचा १.३९ होता.

बौद्धांचा आकडा पुन्हा वाचा. देशातले तीन चतुर्थांशांहून जास्त बौद्ध महाराष्ट्रात राहतात, म्हणजे हा बराचसा आपल्याच राज्याचा आकडा आहे. हा दर सर्वांत कमी असण्याचं कारण लग्नाच्या वयात फारसं सापडत नाही. महाराष्ट्राचा जुना परिपाठ असा: विशीच्या आगेमागे लग्न, लागोपाठ दोन मुलं आणि पंचविशी-सव्विशीत ‘ऑपरेशन’. राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींची कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे. पाळणा लवकर हलतो आणि लवकर थांबतो. मुस्लिम कुटुंबांत शस्त्रक्रियेचं प्रमाण बरंच कमी, गोळ्या, निरोध आणि तांबी यांच्यावर भिस्त जास्त. ही साधनं मध्येच सुटतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या मुलाची शक्यता उरते. त्यामुळे ‘त्यांची लग्नं लवकर होतात म्हणून मुलं जास्त’ हे वाक्य दोन्ही अंगांनी चुकतं.

मुंबईत ही चर्चा नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र इथेच १९२१ मध्ये उघडलं. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत डॉ. आंबेडकरांचं संततिनियमनाच्या बाजूचं भाषण त्यांच्या वतीनं पी. जे. रोहम यांनी मांडलं.

५. मग एक समाज दुसऱ्याला संख्येत मागे टाकणार, हे खरं का?

१९९२–९३ मध्ये मुस्लिमांचा दर ४.४ होता, हिंदूंचा ३.३. अंतर १.१ मुलाचं. आता ते ०.४ वर आलं आहे आणि दोन्ही दर उतरत आहेत. बिहारमधल्या हिंदू कुटुंबांचा दर केरळमधल्या मुस्लिम कुटुंबांपेक्षा जास्त आहे. एवढं पुरे.

६. शिक्षण सारखं असेल, तर समाजाचा फरक उरतो का?

बराचसा विरतो, सगळा नाही. शाळेची पायरीच न चढलेल्या स्त्रियांचं लग्नाचं मध्यगा वय सतराच्या आसपास, बारावी आणि पुढे शिकलेल्यांचं बावीस-तेवीस. मुलांचा दर अनुक्रमे २.८ आणि १.८. धर्मामुळे दिसणारं सर्वांत मोठं अंतर चारेक वर्षांचं. शिक्षणामुळे दिसणारं त्याहून मोठं.

जे उरतं त्यात नात्यांचे नियम येतात. मामाची मुलगी चालते अशा समाजांत स्थळ शोधायला वेळ लागत नाही, मुलगी घरातल्यांच्या डोळ्यासमोर असते आणि लग्न लवकर उरकतं. जिथे गोत्र, गाव, शाखा असं बरंच टाळावं लागतं तिथे शोध लांबतो. समाज लहान असेल तर त्याहून लांबतो (प्रश्न ८). हुंडा चालतो तिथे मुलीचं वय आणि शिक्षण वाढलं की मागणीही वाढते असा हिशेब आईबाप करतात, आणि दहावीनंतर घाई करतात.

पण ‘समाजाची रीत’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीमागे कित्येकदा धंदा असतो. ऊसतोडीचं उदाहरण घ्या. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात आणि मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर. एकट्या पोराला अर्धा कोयता. शिवाय सहा महिने आईबाप फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? बीड आणि परभणीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं, त्याचं मोठं कारण हे. त्यातली जात बदला; उचल आणि फड तेच राहिले तर आकडाही फारसा हलणार नाही.

७. मुंबईत लग्नं उशिरा होतात, त्यात समाज किती आणि घर किती?

घराचा वाटा मोठा. दहा बाय बाराच्या खोलीत थोरला भाऊ-वहिनी असताना धाकट्यानं बायको आणायची कुठे? झोपडपट्टी पुनर्वसनातली ३०० चौरस फुटांची सदनिका सुद्धा एकाच जोडप्याला पुरते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीकडचे आधी ‘जागा स्वतःची की भाड्याची?’ विचारतात, पत्रिका नंतर निघते. ही अट मराठी, गुजराती, उत्तर भारतीय सगळ्यांना सारखीच लागू. फरक पडतो तो वडिलांचा धंदा आणि ब्लॉक तयार असण्या-नसण्याचा. म्हणून एकाच समाजातला लालबागचा मुलगा बत्तिसाव्या वर्षी लग्न करतो आणि त्याचा साताऱ्यातला चुलतभाऊ सव्विसाव्या.

८. पारशी समाजात काय वेगळं घडलं?

सगळंच एकदम. लग्न उशिरा, आजन्म अविवाहित राहणाऱ्यांचं प्रमाण मोठं आणि प्रजनन दर एकाहून कमी. १९४१ च्या जनगणनेत १,१४,८९० पारशी होते, २००१ मध्ये ६९,६०१, २०११ मध्ये ५७,२६४. बहुसंख्य मुंबईत.

मुली लवकर शिकल्या आणि कमावत्या झाल्या, हे एक कारण. दुसरं म्हणजे समाजातच लग्न करायचं, तर जोडीदाराची निवड काही हजारांतून. योग्य वय, शिक्षण, पटणं असं सगळं जुळेपर्यंत वर्षं जातात. तिसरं, पारशी कुणाला म्हणायचं याचा नियम. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९०८ च्या निकालापासून परधर्मीय बायको केलेल्या पारशी पुरुषाची मुलं समाजात धरली जातात, पण बाहेर लग्न केलेल्या पारशी स्त्रीची मुलं परंपरेनं धरली जात नाहीत. म्हणजे जन्म होतो, पण समाजाच्या खात्यात मांडला जात नाही. यावर समाजातच जोरदार वाद आहेत.

केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयानं २०१३ मध्ये ‘जियो पारसी’ योजना सुरू केली. तीत वंध्यत्वावरच्या उपचारांना उत्पन्नानुसार अर्थसाहाय्य मिळतं. मुळात लग्नच अडतिसाव्या वर्षी झालेलं असेल तर पैशानं बीजाचं वय मागे जात नाही, ही तिची मर्यादा.

९. कायद्यानं लग्नाचं वय धर्माप्रमाणे बदलतं का?

हिंदू, पारशी, ख्रिस्ती विवाह कायदे आणि विशेष विवाह कायदा, सगळीकडे मुलगी १८, मुलगा २१. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ सर्वधर्मीयांना लागू होण्यासाठी केलेला आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वयात येणं हा निकष असल्यानं त्या बाबतीत वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळे निकाल दिले आहेत. मात्र अठराखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हाच, धर्म कोणताही असो. ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं लग्नाच्या बायकोबाबतही ती पळवाट बंद केली.

प्रत्यक्षात हे अंगावर येतं प्रसूतिगृहात. सतरा वर्षांची गरोदर मुलगी नाव घालायला आली की पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक असतं. या भीतीनं कुटुंबं वय वाढवून सांगतात किंवा सातव्या महिन्यापर्यंत दवाखान्यात फिरकतच नाहीत. दुसऱ्या प्रकारात मुलीच्या जिवाला धोका.

बालविवाह आपोआप रद्द होत नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. ज्याचं वय कमी होतं त्यानं सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यायालयात अर्ज करावा लागतो. पळवून, फसवून किंवा विकून लावलेलं किंवा न्यायालयाची मनाई मोडून लावलेलं लग्न मात्र मुळातच रद्दबातल. न्यायालयानं अर्जावरून रद्द केलेल्या बालविवाहातली मुलंही औरसच. लग्न होऊ घातलं असेल तर १०९८ वर फोन करा, अक्षता पडण्याआधी.

१०. मुलींसाठी २१ वर्षांचा कायदा झाला ना?

नाही. विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताना बाद झालं. वय १८ च आहे.

११. हे वय इथपर्यंत आलं कसं?

त्याची बरीचशी लढाई मुंबईतच झाली. बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकारानं १८८४ मध्ये बालविवाहाविरुद्ध टिपणं काढली. त्याच सुमारास अकराव्या वर्षी लग्न लावलेल्या रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयानं आधी त्यांच्या बाजूनं कौल दिला, १८८७ मध्ये मात्र नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम झाला. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. १८९१ मध्ये संमतिवय (शरीरसंबंधाला संमतीचं किमान वय) दहावरून बारा झालं. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला: मुलगी १४, मुलगा १८. १९४९ मध्ये मुलीचं १५, १९७८ मध्ये १८ आणि २१.

शारदा कायदा लागू होण्याआधी लोकांनी पोरीबाळींची लग्नं घाईघाईनं उरकली, आणि १९३१ च्या जनगणनेत बालवधूंची संख्या चक्क वाढलेली दिसली. ते वर्ष घेऊन ‘कायद्यानं उलटाच परिणाम झाला’ असं लिहू नये.

१२. बाळाच्या जन्मनोंदीत आईचं लग्नाच्या वेळचं वय आणि धर्म कशाला विचारतात?

जन्म अहवालाचे दोन भाग असतात. कायदेशीर भागावरून दाखला निघतो. सांख्यिकी भागात आईचं राहण्याचं ठिकाण, धर्म, आईवडिलांचं शिक्षण, लग्नाच्या वेळी आणि या बाळंतपणाच्या वेळी आईचं वय, आतापर्यंत जिवंत जन्मलेली मुलं, बाळाचं वजन अशी माहिती असते. हा भाग दाखल्यावर छापला जात नाही. इथे दोन चुका नेहमीच्या. आई वॉर्डात असते आणि माहिती देतो काका, तो लग्नाचं वय अंदाजानं ठोकतो. आणि ‘जिवंत जन्मलेली मुलं’ या रकान्यात नंतर दगावलेलं मूल धरायचं असतं, ते गळतं.

नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, २१ दिवसांच्या आत. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत; म्हणून परळमध्ये राहणाऱ्या बाईचं पहिलं बाळ चिपळूणच्या खात्यात जातं. उलट ठाणे, पालघर, रायगडच्या गुंतागुंतीच्या केसेस केईएम, सायन, नायर, वाडियात येतात आणि मुंबईच्या खात्यात पडतात. त्यामुळे महापालिकेच्या जन्मनोंदींतून समाजागणिक प्रजनन दर काढताना आईच्या राहण्याच्या ठिकाणाचा रकाना गाळला, तर अख्खा तक्ता टाकाऊ होतो.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालेल, विवाहनोंदणीलाही. त्यातल्या सर्वांत थोरल्या मुली अठराच्या होतील त्या २०४१ मध्ये, तोवर शाळा सोडल्याचा दाखला लॅमिनेट न करता जपून ठेवा.

१३. विवाहनोंदणीच्या आकड्यांवरून लग्नाचं वय काढता येईल का?

नाही. कित्येक जोडपी पासपोर्ट, व्हिसा किंवा गृहकर्जाची गरज पडेपर्यंत वॉर्ड ऑफिसात जात नाहीत. नोंदणीची तारीख आणि लग्नाची तारीख यांत दहा वर्षांचं अंतर असू शकतं, आणि हे अंतर समाजागणिक वेगळं असतं.

१४. परप्रांतातून आलेल्या कुटुंबांत मुलं लगेच होतात, असं का दिसतं?

नवरा पाच-सहा वर्षं आधी येऊन धारावी किंवा साकीनाक्याला खोली घेतो, बायको नंतर येते. मधल्या काळात लांबलेलं बाळंतपण मुंबईत आल्या आल्या होतं. सर्वेक्षण मागच्या तीन वर्षांतले जन्म मोजतं, त्यामुळे नेमके तेच त्याच्या खिडकीत येतात आणि दर फुगलेला दिसतो. त्या बाईला पूर्ण आयुष्यात किती मुलं झाली ते पाहिलं तर अंतर कमी भरतं. उत्तर भारतातल्या काही घरांत लग्न आधी आणि गौना (मुलीची सासरी पाठवणी) काही वर्षांनी. अशा वेळी नांदायला गेल्याचं वय धरावं, सप्तपदीचं नव्हे.

याचीच उलट बाजू लग्न-मूल पुढे ढकलणाऱ्या समाजांत दिसते. जन्म नंतर होणार असतात, पण आजचा दर खाली पडतो. जैनांचा दर २०१५–१६ मध्ये १.२ होता आणि पुढच्या फेरीत १.६. जैन घरांत अचानक पाळणे वाढले असं कुणी समजू नये. ढकललेले जन्म आणि नमुन्यातली थोडी कुटुंबं मिळून आकडा असा हेलकावतो.

१५. लग्न उशिरा झालं तर मूलही तितकंच उशिरा होतं का?

आपल्याकडे नाही. बहुतेक समाजांत पहिलं मूल लग्नानंतर दोनेक वर्षांत होतं, आणि तिशीत लग्न झालेली जोडपी तर थांबतच नाहीत. दुसऱ्या मुलाचं अंतर मात्र हलतं. नवरा आखातात असेल तर दोन मुलांत पाच-सहा वर्षं पडतात; कोकणी मुसलमानांत आणि मल्याळी कुटुंबांत हे नित्याचं.

१६. लग्नाआधी मूल, ही नोंद कशी करायची?

पालघरच्या वारली पाड्यांवर जोडपं आधी संसार थाटतं आणि लग्नाचा खर्च जमला की, कधी मुलं शाळेत जायला लागल्यावर, धवलेरीच्या (लग्न लावणाऱ्या बाईच्या) गाण्यांत लग्न लागतं. समाजाच्या लेखी यात काही वावगं नाही. सर्वेक्षकानं ‘लग्न कधी झालं?’ एवढंच विचारलं तर आधी मूल, मग लग्न असा वेडावाकडा तक्ता येतो. एकत्र राहायला लागल्याचं वय विचारा.

१७. मूल होण्याचं योग्य वय समाजाप्रमाणे बदलतं का? तपासण्या?

शरीराला जात नसते. अठराच्या आत रक्तक्षय, अडलेली प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांचा धोका. पस्तिशीनंतर गर्भधारणा अवघड, डाउन सिंड्रोमची शक्यता तिसाव्या वर्षी साधारण हजारात एक, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक. दोन बाळंतपणांत पुढची गर्भधारणा किमान २४ महिन्यांनी.

बदलतात त्या आनुवंशिक तपासण्या. सिंधी, लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक जास्त, आदिवासी आणि विदर्भातल्या काही समाजांत सिकलसेल, पारशांत जी-६-पीडीची कमतरता. थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी ‘एचपीएलसी’ ही रक्ततपासणी साखरपुड्याआधी एकदाच करायची. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक निघाले तर प्रत्येक गर्भाला चारात एक धोका, आणि गर्भाची लवकरची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यात करावी लागते. तिसऱ्या महिन्यानंतर पहिल्यांदा डॉक्टरकडे गेलात तर ती वेळ निघून गेलेली असते.

१८. मुहूर्तांचा परिणाम आकड्यांवर होतो का?

महिन्यांवर होतो, वयावर नाही. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक हिंदू घरांत मुहूर्त नाही, पौष अनेक जण टाळतात, अधिक महिना सगळेच. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईतच हॉल ओस. मुस्लिम घरांत मोहरम आणि रमजान टाळतात, पण हिजरी वर्ष दरसाल अकरा दिवसांनी मागे सरकतं. ख्रिस्ती लग्नं ईस्टरआधीच्या उपवासकाळात सहसा होत नाहीत. म्हणून एकाच महिन्यावरून दोन समाजांची तुलना कधी करू नये.

१९. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडपी कोणत्या रकान्यात जातात?

सर्वेक्षणात स्त्री स्वतःला ज्या धर्माची-प्रवर्गाची सांगेल त्यात. वेळेचं गणित मात्र अशा जोडप्यांना वेगळं मांडावं लागतं. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेला हवा. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे. माहीमचा पत्ता आणि वांद्र्याचा पत्ता एक नव्हे. नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत तीन साक्षीदारांसह लग्न उरकायचं. मुदत टळली की नवी नोटीस, पुन्हा तीस दिवस.